टनब्रिज ते डोव्हर: केंटमधल्या कॉलेज-विलीनीकरणाचे एक प्रकरण

लंडनच्या आग्नेयेला केंट परगणा आहे. टनब्रिजहून निघालेली रेल्वे ॲशफर्डपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते, तिथून फोकस्टन आणि शेवटी डोव्हरचा किनारा. अंतर सारे पाऊणशे किलोमीटरचे. या एका मार्गावरच्या कॉलेजांनी 2010 ते 2020 या दहा वर्षांत विलीनीकरण, फाळणी, दिवाळखोरी आणि पुन्हा विलीनीकरण असे सगळे पाहिले. टनब्रिजच्या ब्रूक स्ट्रीटवरचा परिसर जागचा हलला नाही, पण त्यावरची पाटी आधी वेस्ट केंट कॉलेजची होती, मग के कॉलेजची, मग वेस्ट केंट अँड ॲशफर्ड कॉलेजची, आणि शेवटी तो नॉर्थ केंट कॉलेजचा झाला.

इंग्लंडमध्ये कॉलेजांची विलीनीकरणे शेकड्याने झाली आहेत. त्यातून केंट निवडण्याचे कारण एवढेच की कायद्याने हे काम करायचे जे रस्ते उपलब्ध आहेत, ते जवळपास सगळे इथे एकाच पट्ट्यात वापरले गेले. आणि प्रत्येक वेळी नवा रस्ता धरण्याचे कारण आधीचा रस्ता फसला हेच होते.

आधी हे कॉलेज म्हणजे काय

आपल्या मनातले कॉलेज वेगळे. इंग्लंडमधले ‘फर्दर एज्युकेशन’ कॉलेज म्हणजे आपले आयटीआय, कनिष्ठ महाविद्यालय, थोडे पॉलिटेक्निक, प्रौढांचे इंग्रजी-गणिताचे वर्ग आणि कारखान्यांतल्या उमेदवारांचे प्रशिक्षण, असे सगळे एका छताखाली. सोळा वर्षांचा मुलगा तिथे नळजोडणी शिकतो, शेजारच्या वर्गात चाळीस वर्षांची बाई हिशेबनिशी शिकते.

1993 पर्यंत ही कॉलेजे स्थानिक शिक्षण प्राधिकरणांची, म्हणजे काउंटी कौन्सिलांची होती. 1992 च्या फर्दर अँड हायर एज्युकेशन कायद्याने 1 एप्रिल 1993 पासून ती सुटी झाली. प्रत्येक कॉलेजामागे एक निगम उभा राहिला: कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती, जिच्या नावावर जमीन असते, जी कर्ज काढते, माणसे नोकरीला ठेवते. कॉलेज ही त्या निगमाने चालवलेली संस्था. हा फरक किचकट वाटला तरी सारे प्रकरण त्यावरच फिरते. लोक ‘दोन कॉलेजे एक झाली’ म्हणतात, तेव्हा कायद्याच्या लेखी निगमाचे काहीतरी झालेले असते. वर्गखोलीला त्याचा पत्ताही नसतो.

निगमांचे विलीनीकरण दोन प्रकारे होते. त्या क्षेत्रातले लोक त्यांना सरळ ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ म्हणतात. ‘ए’मध्ये दोन्ही जुने निगम विसर्जित होतात आणि नवा तिसरा जन्माला येतो. ‘बी’मध्ये एक निगम विसर्जित होतो आणि त्याची मालमत्ता, हक्क, देणी सगळी दुसऱ्याच्या पदरात पडतात. कागदावर ‘ए’ समानतेचा दिसतो, म्हणून नियामक मंडळांना तो आवडतो. वकील आणि बँका मात्र ‘बी’ सुचवतात, कारण त्यात निम्म्या करारांना हात लावावा लागत नाही. नवा निगम म्हणजे नवे बँक खाते, नवा निधी-करार, परीक्षा मंडळांची नवी केंद्र-मान्यता, परदेशी विद्यार्थ्यांसाठी नवा परवाना. जगणाऱ्या निगमाकडे हे सगळे आधीच असते.

आणखी एक गोष्ट सहसा मोठ्याने बोलली जात नाही. शिक्षण-तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडचा शेरा संस्थेला चिकटलेला असतो. ‘बी’मध्ये विसर्जित होणाऱ्या कॉलेजचा वाईट शेरा त्याच्याबरोबर जातो. ‘ए’मध्ये नव्या कॉलेजची पाटी पहिली तपासणी होईपर्यंत कोरीच. म्हणून एखाद्या दुबळ्या कॉलेजला शेजाऱ्याची एवढी ओढ का लागली हे पाहताना आर्थिक पत्रकाच्या जोडीला तपासणीचा अहवालही वाचावा.

पहिला कागद: 2010

टनब्रिजचे वेस्ट केंट कॉलेज आणि ॲशफर्ड, फोकस्टन, डोव्हर सांभाळणारे साउथ केंट कॉलेज 2010 मध्ये एक झाले. कायदेशीर नाव साउथ अँड वेस्ट केंट कॉलेज, बाजारातले नाव ‘के कॉलेज’. एका अक्षराचे नाव ठेवण्याची तेव्हा हौस होती.

वेळ मात्र वाईट होती. कॉलेजांना पैसा पुरवणारी लर्निंग अँड स्किल्स कौन्सिल त्याच वसंतात बंद झाली. त्याआधी तिने देशभर नव्या इमारतींची एवढी आश्वासने दिली होती की 2009 मध्ये तिजोरीच अडली आणि कॉलेजांचे नकाशे टेबलावर पडून राहिले. मागोमाग सरकार बदलले, काटकसर सुरू झाली, प्रौढ शिक्षणाचा निधी आटत गेला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामागे मिळणारा मूळ दर 2013-14 पासून 4,000 पौंडांवर गोठला, तो 2020 पर्यंत हलला नाही. पगार, वीज, विमा यांना कुणी गोठवले नव्हते.

मोठे कॉलेज झाले की खर्च वाचेल, हा विलीनीकरणाचा ठरलेला युक्तिवाद. काही खर्च वाचतोही: दोन प्राचार्यांऐवजी एक, दोन हिशेब-विभागांऐवजी एक. पण टनब्रिजमधल्या केशरचनेच्या वर्गात आठ मुली आणि डोव्हरमधल्या वर्गात सात असतील, तर त्यांना एका खोलीत बसवता येत नाही. सतरा वर्षांचे मूल सकाळच्या वर्गासाठी पाऊणशे किलोमीटर येत नाही. परिसर पसरलेले असले की बचत प्रशासनात होते, शिकवण्यात होत नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा शिकवण्यावरच असतो. आराखडे लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही, पण आराखड्यातल्या तक्त्यात नकाशाला रकाना नसतो.

शिवाय कायद्याचा मूळ नियम: विलीनीकरणात देणी नाहीशी होत नाहीत, ती वारसाकडे जातात. बँकेचे कर्ज जाते, निवृत्तिवेतनाची तूटही जाते. शिक्षकांचे निवृत्तिवेतन राष्ट्रीय योजनेत असते. शिक्षकेतर कर्मचारी मात्र स्थानिक शासनाच्या निवृत्तिवेतन योजनेत असतात आणि तिथली तूट थेट कॉलेजच्या ताळेबंदात दिसते. सहकारी बँकांची विलीनीकरणे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. दोन अशक्त ताळेबंद एकाखाली एक मांडून बेरीज केली तर एक मोठा अशक्त ताळेबंद मिळतो.

के कॉलेज कर्जात रुतले. तीन-चार वर्षांत त्याचे तुकडे करायचे ठरले.

दुसरा कागद: 2014, अर्धवट लग्न

स्किल्स फंडिंग एजन्सी या नव्या निधी-संस्थेने पुढाकार घेऊन नवे चालक शोधले. 2014 च्या उन्हाळ्यात फोकस्टन आणि डोव्हर ईस्ट केंट कॉलेजकडे गेले. हे मूळचे ब्रॉडस्टेअर्सचे थॅनेट कॉलेज, तेव्हा आकाराने बेताचेच. टनब्रिज आणि ॲशफर्ड हॅडलो कॉलेजच्या छत्राखाली आले.

हॅडलो वेगळ्याच जातकुळीचे होते. 1968 पासूनचे शेतकी कॉलेज, टनब्रिजपासून हाकेच्या अंतरावरच्या खेड्यात. बागकाम, पशुपालन, घोडे, शेतीयंत्रे हा त्याचा संसार. केंटला इंग्लंडची बाग म्हणतात, त्या बागेची ही शाळा. कॉलेजच्या महत्त्वाकांक्षा मात्र बागेच्या कुंपणात मावत नव्हत्या. 2013 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ग्रामीण शाळा निघाली. डील गावाजवळची बेटशँगर ही केंटमधली शेवटची कोळशाची खाण 1989 मध्ये बंद पडली होती. तिथल्या जागेवर उद्यान आणि अभ्यागत-केंद्र उभे करण्यात हॅडलो उतरले.

इथे कायद्याच्या दृष्टीने प्रकरणातला सर्वात बोलका निर्णय झाला. टनब्रिज-ॲशफर्ड हॅडलोत विलीन केले गेले नाही. ‘वेस्ट केंट अँड ॲशफर्ड कॉलेज’ हा स्वतंत्र निगम राहिला, आणि हॅडलो व तो अशा दोघांवर एकच वरिष्ठ व्यवस्थापन बसले. बाहेर ‘हॅडलो ग्रुप’ म्हणून ओळख, आत कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती.

असे करण्यात तर्क होता. जुन्या कर्जाची झळ शेतकी कॉलेजला थेट लागू नये आणि सरकारकडून मिळणारी मदत कुणासाठी आहे ते स्पष्ट राहावे, ही कारणे मला पटण्याजोगी वाटतात. पण अशा रचनेला पूर्ण विलीनीकरणापेक्षा जास्त शिस्त लागते. एकच माणूस सकाळी एका निगमाच्या वतीने खर्च मंजूर करतो आणि दुपारी दुसऱ्याच्या. हा कर्मचारी कुणाचा, हे बिल कुणाचे, या पैशाला उसनवारी म्हणायचे की मोबदला, हे प्रत्येक वेळी कागदावर लागते. दोन्ही नियामक मंडळांनी आपापल्या निगमाचे हित स्वतंत्रपणे पाहणे अपेक्षित असते, आणि माहिती मात्र दोघांना एकाच खिडकीतून मिळते. पूर्ण विलीनीकरणात निदान प्रश्न तरी एकच उरतो: घरात पैसा आहे की नाही.

दरम्यान बाहेर मोठी मोहीम चालली होती. 2015 ते 2017 या काळात सरकारने सगळ्या इंग्लंडची विभागवार पाहणी केली. तिला ‘एरिया रिव्ह्यू’ म्हणत. सूर असा होता की कमी आणि मोठी कॉलेजे हवीत. पुनर्रचनेसाठी 72.6 कोटी पौंडांपर्यंतची सोय ठेवली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर विलीनीकरणांची रांग लागली. ॲशफर्डमध्ये 2017 साली एल्विक रोडवर नवी इमारत उभी राहिली. बाहेरून पाहता गाडी रुळावर होती.

एका रात्रीत नेमके काय घडते

विलीनीकरणाच्या बातम्यांत दोन प्राचार्य हस्तांदोलन करताना दिसतात. त्या फोटोमागची कामे पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

2011 च्या शिक्षण कायद्यानंतर निगमाला स्वतःचे विसर्जन स्वतः ठरवता येते. त्याआधी हुकूम मंत्र्यांकडून यावा लागे. आता नियामक मंडळ प्रस्ताव जाहीर करते, हरकती-सूचना मागवते, त्यांचा गोषवारा प्रसिद्ध करते आणि मग ठराव करते: अमुक तारखेला, मध्यरात्रीपासून, हा निगम विसर्जित, त्याची मालमत्ता, हक्क आणि देणी तमुक निगमाकडे. सातबाऱ्यावरचे नाव बदलावे तशी जमिनीची नोंद बदलते. हे निगम धर्मादाय स्वरूपाचे असल्याने मालमत्ता शिक्षणाच्या कामातून बाहेर काढता येत नाही.

माणसे ‘ट्यूप’ नावाच्या 2006 च्या नियमांखाली जातात. नोकरी, पगार, सेवेची सलगता जशीच्या तशी. त्यामुळे विलीनीकरणानंतर कित्येक वर्षे एकाच स्टाफरूममध्ये एकाच कामाला दोन वेतनश्रेण्या आणि दोन रजा-नियम असू शकतात. तिथली कुरबुर कुठल्याच आराखड्यात नसते.

बँक ही या लग्नातली खरी आत्याबाई. कर्ज-करारात बहुधा अट असते की बँकेच्या संमतीशिवाय विलीन होता येणार नाही. संमती मागायला गेले की बँक जुना स्वस्त दर काढून नवा लावते. अनेक कॉलेजांची विलीनीकरणे लांबली ती शिक्षणाच्या मुद्द्यांवर नव्हे, याच टेबलावर.

आणि मग बारीक कामे. शेकडो उमेदवारांच्या मालकांबरोबरचे करार, परीक्षा मंडळांची केंद्र-क्रमांक व्यवस्था, छायाप्रत-यंत्रांचे भाडेकरार, उपाहारगृहाचा ठेका. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर केंद्राचे कोणते नाव छापायचे हे वेळेत ठरले नाही तर जूनमध्ये परीक्षा-विभागाची झोप उडते.

तिसरा कागद: 2019

2019 च्या सुरुवातीला हॅडलोच्या आर्थिक व्यवहारांवर प्रश्न उभे राहिले. सरकारच्या एफई (फर्दर एज्युकेशन) कमिशनरची तपासणी सुरू झाली, वरिष्ठ नेतृत्व बाजूला झाले, आणि रोजचा खर्च भागवायला पैसा उरला नसल्याचे दिसले.

योगायोग असा की कायदा नुकताच बदलला होता. त्याआधी अडचणीतल्या कॉलेजला सरकार विशेष मदत देऊन तारत असे, कारण कायद्याने निर्माण केलेला निगम दिवाळखोर झाला तर कोणते नियम लावायचे हेच धड ठरलेले नव्हते. 2017 च्या टेक्निकल अँड फर्दर एज्युकेशन कायद्याने ते ठरवले आणि ती व्यवस्था 31 जानेवारी 2019 पासून लागू झाली. साध्या कंपनीच्या दिवाळखोरीत प्रशासकाने आधी धनकोंचे पाहायचे असते. इथे मात्र ‘शिक्षण प्रशासन’ नावाचा वेगळा प्रकार आला. मंत्र्यांनी न्यायालयाकडे अर्ज करायचा, आणि नेमलेल्या प्रशासकाचे पहिले कर्तव्य म्हणजे आज शिकत असलेल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडू न देणे किंवा पडलाच तर कमीत कमी पडू देणे. त्यासाठी कॉलेज सावरणे, त्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे देणे, मुलांचे अभ्यासक्रम संपेपर्यंत ते चालवत राहणे किंवा मुलांना दुसरीकडे हलवणे, असे मार्ग कायद्याने दिले. धनको त्यानंतर. कंपनी-संचालकांप्रमाणे नियामक मंडळाच्या सदस्यांनाही आता अपात्र ठरवता येणार होते. गावातल्या प्रतिष्ठितांना मंडळावर येण्याचे आमंत्रण एकदम वेगळे वाटू लागले.

मे 2019 मध्ये उच्च न्यायालयाने हॅडलोवर प्रशासक नेमले. नव्या व्यवस्थेखालचे देशातले हे पहिले कॉलेज. ऑगस्टमध्ये वेस्ट केंट अँड ॲशफर्ड त्याच वाटेने गेले. व्यवस्थापन एकच होते, पण निगम दोन होते, म्हणून आदेशही दोन लागले. 2014 च्या अर्धवट लग्नाला घटस्फोट मात्र दोनदा घ्यावा लागला.

वर्ग चालू राहिले. घोड्यांना वेळेवर चारा मिळाला, हेही बारीक नाही. शेतकी कॉलेजच्या प्रशासकाला ताळेबंदाबरोबर जनावरांचाही भार असतो, आणि सप्टेंबरमध्ये नवी मुले येणार असतात. खाणीच्या जागेवरचे उद्यान प्रशासकांनी खासगी विकासकाला विकले.

चौथा कागद: 2020

आता तुकडे कुणाला द्यायचे हा प्रश्न होता. ॲशफर्ड ईकेसी ग्रुपकडे गेले, म्हणजे ज्या ईस्ट केंट कॉलेजने 2014 मध्ये फोकस्टन-डोव्हर घेतले होते आणि 2018 मध्ये कँटरबरी कॉलेजही आपल्यात मिळवले होते, त्याच्याकडे. टनब्रिज आणि हॅडलो डार्टफर्ड-ग्रेव्हसेंडच्या नॉर्थ केंट कॉलेजकडे गेले. हॅडलोचा लंडनच्या कडेचा मॉटिंगहॅमचा परिसर केपल मॅनर या बागकाम-कॉलेजने घेतला.

हे व्यवहार बाहेरून विलीनीकरणासारखेच दिसतात आणि वर्तमानपत्रांनी तोच शब्द वापरला. कायद्याने मात्र ते अगदी उलट आहे. साध्या विलीनीकरणात वारसाला सगळे घ्यावे लागते, गोड आणि कडू. शिक्षण प्रशासनात हस्तांतर योजना करता येते: अमुक परिसर, अमुक कर्मचारी, अमुक करार नव्या संस्थेकडे, बाकीचे जुन्या निगमातच मागे. देणी त्या रिकाम्या कवचात राहतात आणि धनको तिथे रांग लावतात. 2010 आणि 2014 मध्ये जे शक्य नव्हते ते 2020 मध्ये शक्य झाले. वर्गखोल्या कर्जापासून सोडवून घेता आल्या.

याची किंमत सरकारी तिजोरीने मोजली. प्रशासक हे मोठ्या लेखा-संस्थेचे लोक असतात आणि तासावर बिल लावतात. हॅडलोनंतर सरकारने कॉलेजांवरच्या आर्थिक देखरेखीचा स्वतंत्र आढावा मागवला, तो 2020 च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की देशातल्या जवळपास निम्म्या कॉलेजांत सरकार कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आर्थिक हस्तक्षेप करत होते. म्हणजे केंटचे दुखणे एकट्या केंटचे नव्हते. हॅडलोतल्या चुका हॅडलोच्या, पण गोठलेला दर सगळ्यांचा होता.

माझे मत विचाराल तर 2019 मध्ये लागू झालेला हा दिवाळखोरीचा कायदा चांगला आहे आणि तो क्वचितच वापरला जावा. चांगला यासाठी की विद्यार्थ्याला त्याने धनकोच्या पुढे उभे केले. क्वचित यासाठी की ही शस्त्रक्रिया महाग आहे, आणि त्या एका वर्षात शिक्षक दुसरीकडे नोकऱ्या शोधतात, पालक मुलांना शेजारच्या कॉलेजात घालतात.

नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधली ही सगळी कॉलेजे पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात मोजायला घेतली. त्यानंतर बँकेकडून कर्ज काढायला सरकारची परवानगी लागू लागली. 1993 मध्ये दिलेल्या मोकळिकीचा मोठा भाग असा परत गेला.

नकाशा उघडला तर गंमत दिसते. ॲशफर्ड, फोकस्टन आणि डोव्हर आज एका संस्थेकडे आहेत. 2010 पूर्वी ते साउथ केंट कॉलेज म्हणून एकत्रच होते. टनब्रिजची सोबत आता शेजारच्या हॅडलोशी आहे, रेल्वेच्या दुसऱ्या टोकाच्या डोव्हरशी नाही. हॅडलोच्या परिसराला नॉर्थ केंट कॉलेजने हॅडलोचेच नाव ठेवले आहे.